थांबण्याची तारीख सुरुवातीलाच ठरवावी का?

दांडियाबझारकर (धाग्याची सुरुवात)

माझा भाचा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा चौथा प्रयत्न करणार आहे आणि त्यावरून आमच्या घरात गेले तीन आठवडे जे चालले आहे, त्यातूनच हा प्रश्न इथे मांडावासा वाटला. मुलगा २६ वर्षांचा आहे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा इंजिनीअर आहे, आळशी नाही, व्यसनी नाही. त्याच्या खोलीच्या भिंतीवर स्फूर्ती देणाऱ्या वाक्यांचे इतके कागद डकवलेले आहेत, की खाली रंग कोणता होता हे माझ्या बहिणीलाही आता सांगता येणार नाही. प्रेरणेचा तुटवडा मुळीच नाही. राहून गेला आहे तो एक साधा निर्णय, जो पहिला अर्ज भरण्याआधीच घ्यायला हवा होता: किती पैसे संपल्यावर, कोणता निकाल लागल्यावर आणि कोणत्या तारखेला आपण थांबणार.

परवाच्या रविवारी बहिणीकडे वही घेऊन बसलो. दिल्लीतील खोली, मेस आणि किरकोळ खर्च मिळून महिन्याला २२,००० रुपये, म्हणजे तीन वर्षांचे ७,९२,०००. क्लासची फी वेगळी. हे पैसे कुठून आले, तर मेहुण्यांच्या पीएफमधून. वही मिटताना बहीण म्हणाली, "एवढं केलं, आता आणखी एकच वर्ष." हेच वाक्य मी तिच्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकत होतो, आणि तिन्ही वेळा ते मनापासूनच होते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. निकालानंतरच्या आठवड्यात घरातल्या कोणाचेच डोके ठिकाणावर नसते, आणि बुडालेला पैसा आणखी पैसा मागत राहतो. म्हणून थांबण्याची तारीख डोके शांत असताना, म्हणजे सुरुवातीलाच, लिहून ठेवावी.

आकडे सर्वांना ठाऊक असतील, तरी सांगतो. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले, प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ उमेदवार बसले आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली. अर्जांच्या आकड्याचे पहिले चार अंक उचलले की निवडीचा आकडा तयार, हा निव्वळ योगायोग आहे, पण प्रमाण लक्षात ठेवायला सोयीचा आहे. खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षे वय आणि ६ प्रयत्न ही मर्यादा आयोगानेच घातली आहे. आपण थांबलो नाही तर आयोग थांबवतो, मात्र तोपर्यंत पहिली नोकरी शोधायचे वय मागे पडलेले असते.

बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांचे उदाहरण धाडसाचे म्हणून नेहमी दिले जाते. त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले, हे खरेच आहे. पण परत आल्यावर त्यांनी थेट मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. आधी कुंडीतला वाटाणा कसा उगवतो आणि वाढतो, त्याची एकेक चौकट टिपून छोटीशी फिल्म केली, ती पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवली आणि मगच १९१३ चा तो चित्रपट उभा राहिला. आम्ही फक्त गहाण टाकल्याची गोष्ट सांगतो आणि वाटाणा विसरतो.

माझ्या बाबतीत सांगायचे, तर माझ्या वडिलांनी बँकेच्या परीक्षांसाठी मला एक दिवाळी ठरवून दिली होती. ती दिवाळी आली, मी थांबलो आणि एका कारखान्याच्या हिशेब खात्यात लागलो. इतरांचे मत वाचायला आवडेल.

पैलतीर

आपल्या लेखनाबद्दल आदर राखून संपूर्ण असहमती नोंदवतो. ज्याने पळण्याची वाट आधीच आखून ठेवली आहे, तो लढतच नाही. मी स्वतः स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी आहे. "नाही झाले तर काय" या प्रश्नाचे उत्तर खिशात असले की पहाटे चारचा गजर किती सहज बंद करता येतो, हे मी माझ्या दोन खोलीसोबत्यांत पाहिले आहे. दोघांच्याही घरचे दुकान होते.

आपण फाळके दिलेत, मी याच आपल्या बडोद्यातले विनोबा देतो. ते इथेच शिकले आणि इथल्या घराच्या चुलीत त्यांनी आपली प्रमाणपत्रे जाळली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्यांनी थांबण्याची तारीख वहीत लिहिली नव्हती. पुढच्या काळातले हवे असेल, तर पंड्या कुटुंब आहे. मुलांच्या क्रिकेटसाठी वडिलांनी सुरतेतला धंदा बंद केला आणि किरण मोरे यांच्या अकादमीसाठी बिऱ्हाड बडोद्यात आणले. हार्दिकचे शिक्षण नववीत सुटले. त्या वडिलांनी आपल्यासारखी वही काढली असती, तर बेरीज कधी जमली असती का?

आणि एक स्पष्टच विचारतो, राग मानू नये. आपण भाच्याविषयी बोलत आहात, की त्या दिवाळीविषयी?

दांडियाबझारकर

शेवटचा प्रश्न बोचला, म्हणून त्याचे उत्तर लगेच देत नाही. विनोबांविषयी मात्र एवढेच, की त्यांनी परीक्षा पास होण्यासाठी प्रमाणपत्रे जाळली नाहीत. त्यांनी परीक्षाच सोडली. आपले उदाहरण माझ्या बाजूचे आहे. आणि पंड्यांबद्दल बोलायचे, तर मोतीबागेच्या मैदानावर सकाळी खांद्याला किट लावून येणारी शेकडो मुले मी तीस वर्षे पाहतो आहे. त्यांच्याही वडिलांनी काहीतरी बंद केलेले असते, पण त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

गणिताचा मास्तर

दोन्ही बाजू भावनेत वाहत आहेत, आणि आकडे देऊनही मूळ लेखकाने ते चुकीच्या जागी लावले आहेत. सहा लाखांत हजार हे प्रमाण त्या मुलाला लागू आहे, ज्याच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नाही. भाच्याने तीन प्रयत्न केले आहेत, म्हणजे त्याच्याविषयी बरीच माहिती उपलब्ध आहे. त्याच २०२३ सालात मुख्य परीक्षेला १४,६२४ जण पात्र ठरले आणि मुलाखतीला २,८५५ जणांना बोलावले गेले. म्हणजे पूर्वपरीक्षेला बसलेल्यांत सुमारे ५८३ मागे एक, मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांत साधारण १४ मागे एक, आणि मुलाखतीपर्यंत गेलेल्यांत तिघांमागे एकाहून थोडे अधिक. एकाच परीक्षेतल्या या तीन अगदी वेगळ्या शक्यता आहेत. भाचा यांपैकी कोणत्या पायरीवर अडला, हे धाग्यात कुठेही लिहिलेले नाही, आणि तेच कळल्याशिवाय चौथा प्रयत्न शहाणपणाचा की हट्टाचा हे ठरवता येत नाही.

म्हणून मला तारखेपेक्षा अट अधिक पटते. आयोग मुख्य परीक्षेचे विषयवार गुण देतो. लेखी परीक्षा १,७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची असते. मागच्या वर्षापेक्षा लेखी गुण वाढले की नाहीत, हे डोळ्यांसमोर छापील असते. तीन वर्षे एकाच जागी घुटमळणारा मुलगा आणि दरवर्षी एक पायरी चढणारा मुलगा यांना एकच तारीख लावणे हा कोरडा न्याय झाला.

दांडियाबझारकर

पहिले दोन प्रयत्न पूर्वपरीक्षेतच संपले. तिसऱ्यात तो मुख्य परीक्षेला बसला, मुलाखतीचे बोलावणे आले नाही. हे मी आधीच लिहायला हवे होते, कबूल करतो.

पहाटपाळी

इथे आतापर्यंत जे बोलले, ते सारे पुरुष असावेत असे वाचताना वाटले. कारण तारीख कोण ठरवतो, हा प्रश्न कोणीच विचारलेला नाही.

मलाही तारीख मिळाली होती. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे कामावरची उमेदवारी, झाली होती, फायनलचे दोन्ही ग्रुप (विषयांचे गट) बाकी होते, आणि वडिलांनी सांगितले की या नोव्हेंबरला झाले तर झाले, नाहीतर वैशाखात लग्न. झाले नाही. माझ्या थोरल्या भावाला मात्र अशी कोणतीच तारीख नव्हती. त्याचे प्रयत्न चालूच राहिले आणि ते चालू आहेत म्हणून त्याचे कौतुकही होत राहिले. तेव्हा आधी तारीख ठरवणे ही शहाणपणाची गोष्ट आहे असे जेव्हा मी वाचते, तेव्हा मला पहिल्यांदा पेन कोणाच्या हातात आहे ते पाहावेसे वाटते. ज्याचे आयुष्य त्याने ठरवली तर ती शिस्त, नाहीतर ती नोटीस.

नऊ वर्षांनी, मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर, मी परत सुरुवात केली. त्या काळात मला कोणाच्याही भाषणाचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीचा. रात्री ओटा पुसून झाल्यावर मी दुसऱ्या दिवशीचे गणित असलेले पान उघडून, त्यावर कॅल्क्युलेटर ठेवून, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून झोपत असे. पहाटे साडेचारला चहा ठेवायला गेले की पान समोरच. बसायचे की नाही, असा विचार करायला जागाच उरत नसे. साडेसहाला कुकर लावेपर्यंत दोन तास मिळत. २१ दिवसांत सवय लागते असे व्हिडिओवाले सांगतात, ते साफ खोटे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले होते, आणि कोणाला १८ तर कोणाला २५४ असा फरक होता. मला चार महिने लागले. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि सासरी पाहुणे असलेल्या बाईला तेवढे वाक्य पुरते. पाच प्रयत्नांत दोन्ही ग्रुप सुटले.

पैलतीर यांना एक सांगते. कमाटीबागेत आपण फिरायला जातो, तिथे १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बसले होते, कारण कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या माणसाला या शहरात राहायला खोली मिळाली नव्हती. प्रेरणा कमी पडली म्हणून ते इथून गेले असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यांनाही तारीख होती. सयाजीराव महाराजांनी १९१३ पासून तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तिची मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, एका मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्सी. झाले. थांबणे आणि सोडणे या दोन गोष्टींत काही वर्षांच्या पगाराएवढे अंतर असते. भाच्याला नोकरी करता करता प्रयत्न चालू ठेवता येतील का, हे कोणी विचारले आहे का?

लाल माती

माझे वय ७८. जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी मल्लखांब केला. अढी, म्हणजे खांबाला पायांची पकड, बसेपर्यंत रोज घसरायचो, मांड्या सोलायच्या, आई एरंडेल लावायची. वस्ताद कधी "ध्येय काय" असे विचारत नसत. "काल का आला नाहीस" एवढेच विचारत. चर्चा वाचून करमणूक झाली. चालू द्या.

पैलतीर

पहाटपाळी यांच्यासमोर माझा युक्तिवाद तोकडा पडतो, हे मान्य करतो, पण अर्धाच. आपण नऊ वर्षांनी परत आलात, ते आपण असामान्य आहात म्हणून. नोकरी धरून अभ्यास करू म्हणणारे माझ्या ओळखीचे आठ जण आहेत आणि आठही जणांची पुस्तके मकरपुऱ्यातल्या कारखान्यांच्या पाळ्यांनी खाल्ली. दहा तास उभे राहून आलेल्या मुलाला रात्री राज्यघटनेचे कलम वाचायला सांगणे ही क्रूर थट्टा आहे. ज्यांच्या घरी पीएफ आहे, त्यांनी तो संपण्याआधी थांबावे हा सल्ला ठीक आहे. पण ज्यांच्याकडे एकच उडी मारण्याइतके पैसे आहेत, त्यांना खाली जाळी लावून उडी मार म्हणणे म्हणजे उडीच मारू नको म्हणणे आहे. माझ्याकडे एकाच उडीचे पैसे आहेत.

दांडियाबझारकर

पैलतीर, आपल्या त्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. त्या दिवाळीला माझी एका बँकेची लेखी परीक्षा पास झालेली होती आणि मुलाखतीचे पत्र यायचे होते. ते पत्र भाऊबीजेनंतर आठवड्याने आले. तोवर मी कारखान्यात रुजू झालो होतो आणि मुलाखतीला गेलो नाही, कारण शब्द दिला होता. म्हणजे गणिताच्या मास्तरांच्या हिशेबात मी सर्वात वरच्या पायरीवर असताना थांबलो. वडिलांना कोणी तारखेऐवजी अट सुचवली असती, तर कदाचित मी आज निवृत्त शाखाधिकारी असतो. हे मी तीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते.

काल रात्री बहिणीकडे गेलो होतो. सेव-उसळ खाऊन झाल्यावर भाच्याने आपण होऊन वही मागितली. माझी तारीख त्याने खोडली आणि त्याखाली आपल्या अक्षरात लिहिले, की दिल्लीची खोली तो या महिन्याअखेर सोडेल, इथेच राहून अभ्यास करील, सकाळी एका शिकवणीत गणित शिकवील, आणि मुख्य परीक्षेचे लेखी गुण मागच्यापेक्षा किमान ४० ने वाढले नाहीत, तर पाचवा अर्ज भरणार नाही. मेहुण्यांनी खाली सही केली. बहीण बराच वेळ ते पान वाचत होती. मग तिने विचारले, "आणि अडतीसनं वाढले तर?"

त्यावर अजून आमचे एकमत झालेले नाही. इथे कोणाला काही सुचत असेल, तर जरूर लिहावे. अर्ज भरायची मुदत जवळ आली आहे.