एरर ‘रिपोर्ट’ करणे: दाखवणे, नोंदवणे की कळवणे?

प्रश्न: पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेवरच्या मराठी टिपणात ‘स्क्रिप्टने सर्व्हरला एरर रिपोर्ट करणे’ हे कसं लिहावं? मी ‘त्रुटी दर्शविणे’ लिहिलंय, पण खटकतंय.

उत्तर १: खटकायलाच हवं. ‘रिपोर्ट’ या एका शब्दात तीन कामं दडली आहेत आणि मराठीत तिन्हींना वेगळी क्रियापदं आहेत. पान बघणाऱ्याला एरर ‘दाखवतात’, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) ‘नोंदवतात’ आणि सर्व्हरला स्टेटस कोडने (विनंतीचं काय झालं ते सांगणाऱ्या तीन आकडी क्रमांकाने) ‘कळवतात’. तुमच्या वाक्यात ‘कळवणे’च हवं.

हा फरक नुसता भाषेचा नाही. पीएचपीत डिस्प्ले_एरर्स हे सेटिंग चालू असताना फेटल एरर, म्हणजे स्क्रिप्ट बंद पाडणारा एरर, आला, तर त्याचा मजकूर, फाइलच्या पूर्ण पाथसकट, पानावर छापला जातो आणि कोड मात्र 200, म्हणजे ‘सगळं ठीक’, असा जातो. म्हणजे दाखवलं सगळ्या जगाला, कळवलं कोणालाच नाही! साइटवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम फक्त कोड बघत असेल, तर त्याच्या लेखी सगळं आलबेल. तेच सेटिंग बंद असेल आणि हेडर (पानाच्या आधी जाणाऱ्या माहितीच्या ओळी) अजून गेले नसतील, तर पीएचपी आपणहून 500, म्हणजे ‘सर्व्हरकडे बिघाड’ हा कोड, पाठवतं. लाइव्ह सर्व्हरवर ते बंदच हवं, आणि एरर लॉगमध्ये नोंदवणारं लॉग_एरर्स चालू.

हेडरची अट महत्त्वाची आहे. पानाचा पहिला तुकडा ब्राउझरकडे रवाना झाला की कोड बदलता येत नाही. म्हणून अर्धवट पान पाठवत बसण्यापेक्षा आउटपुट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवलेलं बरं.

सीजीआय या सर्व्हर आणि स्क्रिप्ट यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या पद्धतीत ही विभागणी आणखी स्वच्छ दिसते. कळवायचं ते ‘स्टेटस’ हेडरमधून, नोंदवायचं ते स्टँडर्ड एररवर, म्हणजे प्रोग्रामच्या एरर लिहिण्यासाठीच्या वेगळ्या वाटेवर. अपाची हा वेब सर्व्हर ते आपल्या एरर लॉगमध्ये उतरवून घेतो. फास्टसीजीआय या सीजीआयच्या वेगवान रूपानेही स्टँडर्ड एररसाठी वेगळा प्रवाह ठेवला आहे.

उत्तर २: ‘कळवणे’ पटलं. पण ‘त्रुटी’ही काढा. मराठीत त्रुटी ‘राहते’, अर्जात किंवा अहवालात. चालता प्रोग्राम बंद पडतो तो ‘बिघाड’. 400च्या मालिकेत विनंती करणाऱ्याकडून काही चुकलेलं असतं, तिथे ‘चूक’ चालेल. 404ला मात्र सरळ ‘पान सापडलं नाही’ लिहावं. 500च्या पानावर ‘अवैध विनंती’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. बिघाड आपला आणि ठपका बिचाऱ्या वाचकावर, हे मला फार लागतं.

प्रश्नकर्ता: मग असं लिहितो: ‘बिघाड झाल्यास स्क्रिप्टने तो सर्व्हरला 500 कोडने कळवावा, तपशील लॉगमध्ये नोंदवावा आणि वाचकाला साधा निरोप दाखवावा.’