तबल्याचा ऑनलाइन तास: वीस मिनिटांनी पोरं गळतात, काय करू?

सांगलीची_तबलेवाली:
मंडळी, नमस्कार. मी घरी तबला शिकवते. शनिवार-रविवारी सकाळी साडेसहाला झूमवर ६ मुलं असतात, ८ ते ११ वयाची, सगळी न्यू जर्सीकडची. तिकडे तेव्हा आदल्या रात्रीचे ९ वाजलेले असतात. तास पाऊण तासाचा.

पहिली वीस मिनिटं झकास जातात. मग एकेकाची मान कलते, जांभया सुरू होतात. एकाचे डोळे सारखे डाव्या कोपऱ्यात. तिथे काय चाललंय ते मला त्याच्या चष्म्यात दिसतं, हिरवं मैदान आणि पळणारी माणसं. सगळ्यांना एकदम वाजवायला लावलं तर आवाज मागेपुढे पोचून नुसता कालवा होतो. म्हणून बाकीच्यांना म्यूट करून एकाचंच ऐकते. तेवढा वेळ पाच जण रिकामे.

गेल्या महिन्यात तर फजितीच झाली. सगळे म्यूटवर तीनताल वाजवत होते, माना डोलत होत्या. नऊ वर्षांच्या एका पठ्ठ्याला सहज अनम्यूट केलं तर गडी केरवा बडवतोय! "कधीपासून रे?" तर म्हणे, "पहिल्यापासून, ताई. तो लवकर संपतो ना." केरव्याच्या आठ मात्रा तीनतालाच्या सोळापेक्षा लवकर संपतात हे खरंच. तेव्हा हसले, पण दिवसभर खुपत राहिलं. समोर बसला असता तर पहिल्या आवर्तनातच कळलं असतं.

दोघांना प्रारंभिकच्या परीक्षेला बसवायचंय. कुणाला काही जमलंय का?

नाशिकचा_ठेका:
ताई, आधी आवाज तपासा. झूम डग्ग्याला (डाव्या हाताच्या खर्जाच्या वाद्याला) गोंगाट समजतं आणि दाबून टाकतं. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' आहे, ते मुलांच्या लॅपटॉपवर चालू करून घ्या. मी एका मुलीला चार महिने "घुमारा आण, घुमारा आण" म्हणून डग्ग्याच्या घुमणाऱ्या आवाजासाठी पिडलं. तिचा घुमारा उत्तम होता, माझ्यापर्यंत पोचत नव्हता. अजून लाज वाटते.

एकत्र वाजवायचा नाद सोडा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. आवाज यायला-जायलाच त्यातला मोठा तुकडा खर्ची पडतो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठून जुळणार? लेहरा, म्हणजे साथीला सतत फिरत राहणारी धून, तीसुद्धा इथून लावू नका. ज्याची वाजवायची पाळी, त्याने लेहरा आपल्या घरीच लावायचा.

रिकाम्या पाच जणांना टाळी-खाली द्या, म्हणजे ठरलेल्या मात्रांना टाळी आणि खालीच्या मात्रेला नुसता हात उघडायचा. एक जण वाजवतो, बाकीचे हातावर ताल दाखवतात. हात जरा उशिरा दिसतात, पण चालतं. नवव्या मात्रेला ज्याचा हात खालीला उघडला नाही, तो झोपलाय.

आणि कॅमेरा तोंडावर कशाला? हातांवर लावायला सांगा.

एडिसनची_आई:
केरवावाला माझा नाही, पण आमच्या घरातही तसलाच एक नग आहे. ताई, शुक्रवारी याची बस पावणेआठला. शाळेत क्रोमबुक, घरी आल्यावर अभ्यास पुन्हा त्याच्यावरच, मग पोहणं, जेवण, आणि ९ वाजता परत स्क्रीन. लॅपटॉप टेबलावर, तबला जमिनीवर, त्यामुळे मान वर करून बघत बसतो. मला स्वतःला त्या वेळी कुणी तीनताल शिकवला तर मी घोरेन.

शनिवारी आमच्या सकाळी ९ ला घेता येईल का? तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात इकडची घड्याळं मागे गेली की साडेसात.

सगळं_जुनं_बरं:
तबला गुरूसमोर मांडी घालून शिकायचा असतो. बाकी सगळे चोचले.

एडिसनची_आई:
बरं. विमानाचं तिकीट तुम्ही काढताय का?

निवृत्त_गुरुजी:
माझा आणि तबल्याचा संबंध नाही, लॉकडाऊनात चौथीला शिकवलं एवढंच. माझं निम्मं काम फोनवर नुसत्या आवाजाने चालायचं आणि पोरं त्यातच जास्त टिकायची. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओवर बोलून माणूस का थकतो याची चार कारणं मांडली होती: इतक्या जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारा आपलाच चेहरा, एका जागी जखडून बसणं आणि समोरच्याचे हावभाव ओळखताना डोक्याला पडणारा ताण. माझी चौथीची पोरं फोन कानाला लावून अंगणात फिरत पाढे म्हणायची, त्यांना यातलं एकही लागू नव्हतं. तुमच्यात बोल तोंडाने म्हणतात ना? तेवढा वेळ कॅमेरा बंद करून त्यांना चालू द्या.

सांगलीची_तबलेवाली:
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

शनिवारची संध्याकाळ मोकळी केली. त्यासाठी घरच्या दोन बॅच रविवारी सकाळी ढकलल्या, त्यावर इथले पालक कुरकुरतायत. त्यामुळे रविवारचा ऑनलाइन तास सध्या बंदच. त्याऐवजी आठवड्यात एकदा प्रत्येकाने दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवायचं. त्यात केरवा लपत नाही.

गुरुजी, पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आता चालत चालत होते. दहा मिनिटं कॅमेरा बंद, मला नुसते सहा घरांतले पायांचे आवाज आणि "धा धिं धिं धा". एकाचा कुत्राही सामील होतो. स्क्रीनवरची स्वतःची खिडकी लपवायला सांगितली तर एक जण रुसली, तिची नवी कानातली कोण बघणार?

ठेकेदादा, कॅमेरा हातांवर आणला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याच कानातलीवालीचा 'ना' सहा महिने बद्द येत होता, मी म्हणत होते तबला उतरलाय. बोट चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या पट्टीवर, पडतच नव्हतं, आतल्या लवेवर पडत होतं. तिच्या वडिलांना दोनदा तबला चढवायला लावला मी!

केरवावाल्याला टाळी-खालीचा मुकादम केलंय. परवा त्याने मलाच पकडलं: "ताई, टाळी तेराव्याला असते, तुम्ही बाराव्याला दिली." चहाचा कप उचलायच्या नादात होते.