पिकोला गेलात तर देवमाशांच्या शिकारीचं संग्रहालय बघावं का?

गोदाकाठ, नांदेड
अटलांटिकातल्या अझोर्स बेटांपैकी पिकोवर आठ दिवस राहून आलो. 2,351 मीटरचा ज्वालामुखी, पोर्तुगालचं सर्वांत उंच शिखर. खाली समुद्रापर्यंत काळ्या दगडांच्या भिंती नि त्यांच्या आडोशाला द्राक्षवेली. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली, तोच दगड. पण तिथला कोवळा, भेगाळ. पाऊस पडतो आणि मुरून जातो. किनाऱ्यालगतच्या विहिरींत भरतीबरोबर पाणी वर चढतं, तेही मचूळ. टँकरसाठी रात्री जागवलेला मी त्या विहिरीपाशी बराच वेळ उभा होतो.
लाजेस गावात होड्यांच्या जुन्या शेडमध्ये शिकाऱ्यांचं संग्रहालय आहे. सोबतचे निम्मे लोक ‘कत्तलखाना कशाला बघायचा’ म्हणून आत आलेच नाहीत. मला वाटतं, ते न बघता पिको कळत नाही.

रोहिणी, लातूर
दादा, मीही बाहेरच थांबले असते. या देवमाशांच्या माद्या पिलांसह कळप करून राहतात. व्यापारी शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी 1986 पासून लागू झाली, तरी पिकोवर 1987 मध्ये शेवटचा देवमासा मारलाच. आता त्याच होड्यांच्या शर्यती लावतात. हे कौतुक मला सोसत नाही.

माजलगावचा
ताई, माझ्या आईबापानं उचल घेऊन बारा वर्षं ऊस तोडला. तो कोयता आम्ही जपून ठेवलाय, कारखान्याच्या प्रेमापोटी नव्हे. पिकोचे शिकारीही बहुतेक शेतकरीच. टेकडीवरून इशाऱ्याचा फटाक्याचा बाण सुटला की हातातलं काम टाकून किनाऱ्याकडे पळायचे. उघड्या होडीत सात माणसं, हातानं फेकायचा भाला. होडी जपणं म्हणजे त्या माणसांना जपणं.

रोहिणी, लातूर
कोयत्यानं ऊस तुटतो, भाऊ. भाल्यानं आई मरायची, पिल्लू मागे राहायचं. भूक मला समजते, शर्यतीतल्या टाळ्या नाही समजत.

गोदाकाठ, नांदेड
टाळ्यांचं तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण टेकडीवरच्या टेहळणीच्या खोल्यांत आजही माणूस दुर्बीण घेऊन बसतो. फवारा दिसला की पर्यटकांच्या होडीला वायरलेसवर दिशा सांगतो. ती नजर शिकाऱ्यांकडूनच आली. मला देवमासा दिसला, तो त्या नजरेमुळे.

रोहिणी, लातूर
टेकडीवरची खोली बघेन. संग्रहालयाचं तिकीट मात्र काढणार नाही.