'एक हसीना थी', दोन डिस्का आणि गेलेली लाइट: तुमच्याही आठवणी सांगा

पाचोऱ्याची माहेरवाशीण
काल लेकीचा हॉस्टेलवरून फोन. "आई, तू 'एक हसीना थी' बघितलायस? उर्मिलाचा?" अगं, बघितलाय म्हणजे काय! आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायांनी मिळून बघितलाय.

२००४ च्या जानेवारीत लागला होता. थेटरात आम्हाला कोण नेणार? भाऊ बघून आला आणि म्हणाला, तुमच्या कामाचा नाही. पुढे सीडी आली. गल्लीच्या तोंडाशी लायब्ररी होती, वहिनीने गुपचूप मागवून घेतली. पिक्चर दोन तासांचा आणि व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून दोन डिस्का. पहिली संपली तेव्हा सारिका वर्तक तुरुंगात आणि तिला अडकवणारा करण बाहेर मोकळा. दुसरी टाकणार, तोच लाइट गेली.

लाइट संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. कुणी उठेना. ओट्यावर शेंगा फोडत वाद सुरू, ही पोरगी आता काय करेल? आईचं म्हणणं, वकील बघेल. वहिनी म्हणाली, माहेरी जाईल. मोठी काकू कधी मधे बोलायची नाही, ती शेंगांचं सूप खाली ठेवून म्हणाली, "सोडू नये तिने त्याला." सगळ्या गप्प. रात्री दुसरी डिस्क लागली तेव्हा काकू सगळ्यांत पुढे बसली होती.

मला मनापासून वाटतं, बाईने घेतलेल्या सुडाचा असा पिक्चर आमच्या घरातल्या बायांपर्यंत पोचला तो फक्त सीडीमुळे. तुम्ही कुठे बघितला? सुडाचा दुसरा कुठला असेल तरी सांगा.

भुसावळ जंक्शन
रेल्वे क्वार्टर. लायब्ररीवाला एक डिस्क एका घरी द्यायचा, दुसरी दुसऱ्या घरी. आमच्याकडे दुसरीच आधी आली. केस कापलेली उर्मिला थंड डोळ्यांनी सैफच्या मागावर, आणि आम्हाला कळेना हिचं बिनसलंय कशावरून. आई म्हणाली, कारण असल्याशिवाय बाई इतकी शांत होत नाही. पहिली डिस्क मिळाली तेव्हा आईचं खरं निघालं.

कळण्याची भाकरी
लाइटचं नाव काढू नका!! मे महिना, ४५ डिग्री आणि पंखा बंद. पिक्चर कसला आठवतो, ओला टॉवेल आठवतो. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

देवपूरचा धुळेकर
यातली एक गंमत फार कुणाच्या लक्षात आली नसेल. व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८ एवढंच. उजेडातले सीन बरे दिसायचे, अंधार आला की पडद्यावर नुसते काळे चौकोन. आणि या पिक्चरचा तर शेवटच गुहेत! करण साखळीत, आजूबाजूला उंदीर. आम्हाला उंदीर दिसलेच नाहीत, नुसती चुळबुळ ऐकू आली. बऱ्याच वर्षांनी डीव्हीडीवर बघितला तेव्हा दिसले. पण खरं सांगतो, न दिसता जास्त भीती वाटली होती. सुरुवातीला तिला घरातल्या उंदराचीसुद्धा भीती वाटते आणि शेवटी तेच उंदीर ती त्याच्यावर सोडते. श्रीराम राघवनचा हा पहिला पिक्चर. 'बदलापूर' २०१५ चा, त्यातही सूडच आहे, पण तो मला एवढा लागला नाही.

तापीकाठ
आमना गल्लीमा एकच टीव्ही व्हता भो. उंदीरवाला सीन उना की बठ्ठा पोरे गोधडीमा!

भुसावळ जंक्शन
@तापीकाठ 😂 कोणतं गाव भो?

तापीकाठ
शिरपूरकडलं. तुम्ही या, भरीत खाऊ घालतो.

चोपड्याची सून
लिहू की नको करत होते. माझ्या नणंदेला एकाने लग्नाचं वचन देऊन तिच्या नावावर कर्ज काढलं आणि निघून गेला. घरात तिलाच बोल लागले. तिने हा पिक्चर माझ्या खोलीत दार लावून बघितला. सारिका पोलिसांना जीव तोडून सांगते आणि कुणी ऐकत नाही, तिथे तिने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि तो सीन परत मागे नेला. रडली नाही. दुसऱ्या दिवशी भावाला म्हणाली, मला वकिलाकडे घेऊन चल. केस चालली, पैसे सगळे नाही मिळाले. आता स्वतःचं शिवणकामाचं दुकान आहे तिचं.

पाचोऱ्याची माहेरवाशीण
@चोपड्याची सून, ताई, बरं केलंत लिहिलंत. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आखाजीची कैरी
डोळ्यात पाणी आलं. शिवणकाम करतात तर ब्लाउज शिवतात का? मी अमळनेरची, चोपड्याला येणं होतं.

चोपड्याची सून
हो शिवतात. मेसेज करते.

मोसम नदी
सीडीचा विषय निघाला आणि मालेगावचं नाव नाही? आमच्या गावात पिक्चर बनायचे, त्यांच्या सीड्या अख्ख्या खान्देशात फिरायच्या. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या पोराने गाजलेल्या पिक्चरची नक्कल गावातल्याच माणसांना घेऊन केली. यंत्रमागावर काम करणारे हिरो!

देवपूरचा धुळेकर
मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं भाऊ.

मोसम नदी
जिल्हा काहीही असू द्या. बोली ऐका आमची, मग बोला.

कळण्याची भाकरी
आले परत. भांडू नका रे. सीमा विश्वासचं कुणीच बोललं नाही! तिची पोलीस अधिकारी बघून मला पोलिसात जावंसं वाटलेलं. आणि प्रतिमा काझमी, तुरुंगातली. काय बाई होती!

आखाजीची कैरी
माझ्याकडे दोन्ही डिस्का आहेत, प्लेअर मेला. काय करू?

देवपूरचा धुळेकर
कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर टाका. आत 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर असतं, त्यात '.डॅट' फाइल. व्हीएलसीत उघडा, चालते. आधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल पुसू नका. दोन्ही फाइली लगेच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

आखाजीची कैरी
दुसरी अडकतेय. पहिली झाली कॉपी.

भुसावळ जंक्शन
दुसरी नेहमी दुसरीच!! रविवारी भुसावळला आणा ताई, माझा जुना प्लेअर ओरखडे असलेली डिस्कसुद्धा ओढतो.