काजळी बसलेल्या तैलचित्रासाठी अणुरूप ऑक्सिजन वापरता येईल का? मदत हवी आहे

आमच्या लहानशा संग्रहालयातील दोन बाय तीन फुटांचे तैलचित्र आगीच्या धुराने काळवंडले आहे. कोरडा स्पंज, मग कापसाच्या बोळ्याने शुद्ध पाणी आणि सौम्य द्रावक लावून पाहिले. वरची काजळी निघाली, पण चित्रातील चेहऱ्यावरची काजळी फोड आलेल्या वार्निशमध्ये मुरली आहे आणि बोळा फिरवताच रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून काम थांबवले आहे.

पृथ्वीनजीकच्या कक्षेत अंतराळयानांचे पृष्ठभाग झिजवणारा अणुरूप ऑक्सिजन (रेणूऐवजी सुट्या अणूंच्या रूपातील ऑक्सिजन) वापरून नासाच्या ग्लेन केंद्राने, १९८९ मध्ये क्लीव्हलँड परिसरातील चर्चच्या आगीत काळी पडलेली चित्रे निर्वात कक्षात स्वच्छ केली होती आणि पुढे अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या एका चित्रावरील लिपस्टिकचा डागही काढला होता. काजळीतील कार्बनचे वायूत रूपांतर होते आणि धातूंच्या ऑक्साइडांची रंगद्रव्ये शाबूत राहतात. चित्राला हातही लागत नाही, हे आमच्यासाठी सर्वांत मोलाचे आहे. चित्र परदेशी पाठवणे मात्र शक्य नाही.

वार्निश आणि रंगातील तेलही सेंद्रियच (कार्बनयुक्त) असल्याने, रंग भुकटीसारखा सुटा होण्याआधी प्रक्रिया कोणत्या खुणेवर थांबवावी, आणि असा ऑक्सिजन तयार करू शकणाऱ्या भारतातील एखाद्या प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) प्रयोगशाळेत चित्रावर असे काम कोणी केले आहे का?