फोटो हलवला की प्रेत?

सिनेमातलं युद्ध दिग्दर्शकाच्या सोयीचं असतं हे मान्य, पण युद्धाच्या जुन्या फोटोंबद्दल 'फोटो तरी खोटं बोलत नाही' असं जे म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर, जुलै १८६३ मध्ये, छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या चमूने काढलेला तो प्रसिद्ध फोटो बघा. दगडांच्या आडोशाला मरून पडलेला दक्षिणेच्या सैन्यातला नेमबाज, दगडी भिंतीला नीट टेकवलेली बंदूक. १९७०च्या दशकात विल्यम फ्रासानिटो या इतिहासकाराने तिथलेच बाकीचे फोटो शेजारी ठेवले, तर हाच मृतदेह खाली उतारावर पडलेलाही सापडला! म्हणजे तो उचलून, चांगला ४० यार्डांवर आणून मांडला होता. बंदूकही नेमबाज वापरत तसली नाही, बहुधा फोटोवाल्यांनीच ठेवलेली.

यात निव्वळ लबाडी होती असंही नाही म्हणा. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेच्या प्लेटवर काढत आणि एक्स्पोजरला काही सेकंद लागायचे, त्यामुळे प्रत्यक्ष धुमश्चक्री टिपणं अशक्यच. न हलणारे विषय उरायचे ते पोझ देऊन बसलेले अधिकारी, तोफा आणि प्रेतं. त्या काळच्या फोटोंत लढाई कमी आणि लढाईनंतरचं मैदान जास्त दिसतं, ते म्हणूनच.