'प्रॉग्नोसिस'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठची: अंडाशयाच्या कॅन्सरवर नातेवाइकांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. 'प्रोटीन मार्कर'ला 'दर्शक प्रथिन' आणि 'प्रॉग्नोसिस', म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज, त्याला 'पूर्वानुमान' लिहिलं. गंगापूर रोडच्या एका मावशींना वाचायला दिलं तर म्हणाल्या, "पूर्वानुमान पावसाचं असतं गं. आमच्या ताईचं पुढे काय, ते सांग." दुसरा शब्द आहे का?

वैद्य पंचवटी: आहे, आणि जुना आहे: साध्यासाध्यता. साध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरा होणारा), याप्य, असाध्य. यातला 'याप्य' नीट पाहा. उपचार चालू तोवर आटोक्यात राहणारा आजार. सुश्रुताने पडू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूचा दृष्टांत दिलाय. हा कॅन्सर बऱ्याच जणींना किमोनंतर उलटतो, पुन्हा किमो, पुन्हा काही काळ बरं. याहून नेमका शब्द कुठला?

सिडकोवाली: शब्द सुंदर आहे, पण त्याच्या शेजारी 'असाध्य' बसलाय. पेशंट स्वतः वाचेल हो ते पत्रक. 'पुढची वाटचाल' लिहा.

वैद्य पंचवटी: 'वाटचाल' संस्थेची असते. सोपं करायच्या नादात अर्थ पातळ होतो.

सातपूर लॅब: शब्द कुठलाही घ्या, सीए-१२५ चा, म्हणजे या कॅन्सरसाठी रक्तात तपासतात त्या प्रथिनाचा, खुलासा आधी करा. काउंटरवर रोज ऐकतो, "१२५ च्या आत आहे ना?" तो १२५ म्हणजे मर्यादा नव्हे. १९८१ साली बॅस्ट आणि सहकाऱ्यांनी जी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वापरून हे प्रथिन ओळखलं, त्यांच्या क्रमांकावरून ते नाव पडलं. मर्यादा सहसा ३५ धरतात. पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस, अगदी पाळीतही आकडा चढतो. उलट पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या जणींत तो वाढलेलाच नसतो. म्हणून 'दर्शक' मला पटत नाही, त्यात खात्रीचा भास आहे. 'खूण' म्हणा. खूण चुकू शकते, हे सगळ्यांना कळतं.

गोदाकाठची: 'खूण' घेतला! पण प्रॉग्नोसिस?

सातपूर लॅब: एका आकड्यावर ते ठरतही नाही. टप्पा कुठला, ऑपरेशनमध्ये गाठ किती उरली, किमो सुरू झाल्यावर आकडा किती झपाट्याने उतरतो, हे सगळं मिळून ठरतं.

सिडकोवाली: आईच्या वेळी आम्ही फक्त आकडा धरून बसायचो. दहाने वाढला की घरात कोणी जेवायचं नाही. 'एका आकड्यावर ठरत नाही' हे वाक्य पत्रकात मोठ्या अक्षरांत हवं.

निफाडकर: त्याआधी 'अंडाशय' बदला. आमच्याकडे बायका सरसकट 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात, त्यात गर्भाशय, त्याचं तोंड, ओव्हरी सगळं एकत्र. 'बीजकोश' बरा.

वैद्य पंचवटी: 'बीजकोश' वनस्पतीचा वाटतो. 'अंडाशय'च राहू द्या, फक्त 'अंडकोश' होऊ देऊ नका, तो पुरुषाचा. छापील पत्रकांत ही चूक पाहिलीय.

निफाडकर: बोलीत गर्भाशयाला 'अंग'ही म्हणतात ना? 'अंग बाहेर आलं' हे बाईचंही म्हणतात, म्हशीचंही.

सिडकोवाली: आजी म्हणायची. पण तिचं 'अंग' म्हणजे नेमकी पिशवी की खालचा सगळा भाग? येवल्याकडचं कोणी आहे का इथे?